‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात!’ : व्हॉट्सॲपवरचं खोटं बक्षीस ओळखायचं कसं

गणपती उठले की थेट दिवाळीपर्यंत फोनवर नुसती धमाल चालू असते, कुणाला गाडी लागलेली असते, कुणाला आयफोन, कुणाला पंचवीस लाख, आणि गंमत म्हणजे तिकीट एकानेही काढलेलं नसतं. तुम्ही म्हणाल यात ओळखायचं काय, शेंबड्या पोरालाही कळेल की फेक आहे. कबूल. पण मग तीच लिंक फॅमिली ग्रुपवर तीन वेगवेगळ्या लोकांकडून कशी येते? आणि टाकणारे कोण, तर बँकेतून रिटायर झालेले काका, शाळेत शिकवणारी आत्या, आणि कंप्युटर इंजिनियर झालेला भाचा. म्हणजे शिक्षणाचा आणि याचा फारसा संबंध नाही. मेसेज बनवणारा माणूस आपलं लक्ष बक्षिसावर खिळवून ठेवतो आणि आपण बक्षीस खरं की खोटं याचाच विचार करत बसतो, तिथेच फसतो.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. काय देणार आहेत ते आधी वाचायचंच नाही. ते आपल्याकडून काय करून घेतायत तेवढं बघायचं. शेअर करा म्हणतायत, पैसे भरा म्हणतायत, एखादी फाईल इन्स्टॉल करा म्हणतायत, की कुठला तरी पिन नाहीतर कोड मागतायत? यातलं एक जरी असलं तरी पुढे वाचायची गरज नाही.

आता एकेक प्रकार नीट बघू.

चाक फिरवा, डबा उघडा वाली लिंक

हा सगळ्यात जास्त फिरणारा प्रकार. अमुक कंपनीला इतकी वर्षं झाली म्हणून फ्री गिफ्ट, खाली लिंक. २०१८ मधे आदिदासचे फुकट बूट, ९३ व्या वाढदिवसानिमित्त ३००० जोड. २०२१ च्या मार्चमधे ॲमेझॉनचा ३० वा वाढदिवस, त्याच वर्षी टाटा ग्रुपची १५० वर्षं म्हणून नेक्सॉन गाडी. आता जरा हिशोब करा. आदिदास कंपनी १९४९ ची, तिचा ९३ वा वाढदिवस २०४२ साली येणार. ॲमेझॉन सुरू झाली १९९४ ला, म्हणजे २०२१ च्या मार्चमधे तिला २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. टाटांची सुरुवात १८६८ ची, १५० वर्षं २०१८ लाच पूर्ण झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचं वय माहीत नाही असं होईल का? पहिली टेस्ट हीच, वर्ष गुगल करा आणि वजाबाकी करा, अर्धा मिनिट लागतो. अर्थात हिशोब बरोबर आला म्हणजे मेसेज खरा असं मात्र नाही हां, आता ते पण हुशार झालेत.

दुसरी गोष्ट लिंक. लिंक वाचायची पद्धत बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते, आपण सुरुवातीला कंपनीचं नाव दिसलं की खुश. पण लिंक पोस्टाच्या पत्त्यासारखी असते, गाव शेवटी येतं. समजा लिहिलंय ‘कंपनीचं नाव डॉट कॉम डॉट दिवाळीगिफ्ट डॉट टॉप’ आणि मग तिरकी रेघ. तर ती पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा (सुरुवातीच्या एचटीटीपीएस नंतरची जोडीची रेघ धरायची नाही) आणि तिच्या डावीकडे उलटं वाचत या. आधी येतं टॉप, मग दिवाळीगिफ्ट. संपलं, साईटचा मालक हा दिवाळीगिफ्टवाला. त्याच्याही डावीकडे त्याने कुठल्याही कंपनीचं नाव लिहिलं तरी त्याला अडवणारं कुणी नाही. आपल्याकडे बऱ्याच साईट ‘को डॉट इन’ने संपतात, तिथे ते दोन्ही तुकडे सोडून त्याच्या आधीचा शब्द बघायचा. आणि अक्षरंही नीट बघा, आदिदासवाल्या लिंकमधे इंग्रजी आय वर टिंबच नव्हतं, नुसती उभी रेघ होती, फोनच्या बारीक स्क्रीनवर कुणाच्या लक्षात येणार ते. कुलुपाचं चिन्ह दिसतंय म्हणून सेफ समजू नका, कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि साईटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येणार नाही, साईट चोराची असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं चालू आहे इतकंच.

लिंक उघडली की आत काय असतं तेही सांगतो म्हणजे तुम्हाला उघडून बघायची खाज राहणार नाही. चार फालतू प्रश्न, तुम्ही स्त्री की पुरुष, वय किती, या कंपनीला ओळखता का. उत्तर काहीही द्या, फरक पडत नाही. मग नऊ नाहीतर बारा डबे, तीन चान्स. पहिला डबा रिकामा निघतो, कारण पहिल्याच फटक्यात लागलं तर आपल्याला संशय येईल, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्यात गाडी. सगळ्यांना. ज्यांनी ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना विचारा, एक तरी हरलेला दाखवा. खाली फेसबुकसारख्या दिसणाऱ्या कमेंट असतात, ‘मला आधी खोटं वाटलं पण आजच पार्सल आलं’ वगैरे, त्यातल्या कुठल्याही नावावर बोट ठेवून बघा, काही उघडत नाही, कारण ते नुसतं पानावर छापलेलं चित्र असतं. आणि वरती घड्याळ, पाच मिनिटं शिल्लक. पान परत उघडा, परत पाच मिनिटं.

मग येतो खरा मुद्दा, ‘५ ग्रुप किंवा २० मित्रांना पाठवा, हिरवी पट्टी भरली की गिफ्ट तुमचं’. तर बाबांनो, तुम्ही कुणाला मेसेज पाठवला हे व्हॉट्सॲप कुठल्याही वेबसाईटला सांगत नाही, सांगायची सोयच नाही. ती पट्टी तुम्ही बटण दाबलं म्हणून पुढे सरकते, तुम्ही पाठवलं म्हणून नाही.

यात एक बारकावा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर लिमिट घातलंय हे तुम्हाला माहीत असेल, आधी पाच चॅटचं आणि एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. असा मेसेज आला की वर दुहेरी बाण पण दिसतो. पण या साईटवरचं शेअर बटण मेसेज फॉरवर्ड करतच नाही, ते तुमच्या व्हॉट्सॲपमधे तयार मजकूर भरून देतं आणि तुम्ही नुसतं सेंड दाबता. म्हणजे व्हॉट्सॲपच्या दृष्टीने तो मेसेज तुम्ही स्वतः टाईप केलाय. ना बाण, ना फॉरवर्डेडचा शिक्का. समोर वहिनीला वाटतं भाऊजींनी स्वतःहून पाठवलंय म्हणजे काहीतरी असणार. त्यामुळे ‘फॉरवर्डेड लिहिलेलं नाही म्हणजे खरं’ हा नियम इथे चालत नाही.

लोक विचारतात की पैसे तर कुणी मागितले नाहीत, मग त्यांना मिळतं काय. मिळतं ना. पानावरच्या जाहिराती, शेवटी एखादं ॲप डाउनलोड करायला लावतात त्याचं कमिशन, नोटिफिकेशनला अलाऊ केलं की फोनवर रोज अश्लील नाहीतर कर्जाच्या जाहिराती, आणि नाव-नंबर-पत्ता भरून घेतला असेल तर ती यादी पुढे विकायला तयार. आणि ‘आपण फुकट ते पौष्टिक म्हणून क्लिक करणारे आहोत’ ही माहिती त्या यादीत आपोआपच आली, तीच सगळ्यात किमती.

पंचवीस लाखवाला

हा जुना आणि जास्त विषारी. एक रंगीबेरंगी सर्टिफिकेट येतं, त्यावर अमिताभ बच्चन, पंतप्रधान, अंबानी असे सगळे फोटो, केबीसीचा लोगो, लॉटरी नंबर, फाईल नंबर, गोल शिक्का. सोबत हिंदीत व्हॉइस नोट, की देशभरातल्या सिमकार्डचा लकी ड्रॉ झाला आणि तुमचा नंबर निघाला, आता बँक मॅनेजरला व्हॉट्सॲपवरच कॉल करा, साधा कॉल करू नका.

बऱ्याचदा नंबर +९२ ने सुरू होतो. आपला देश +९१, +९२ म्हणजे पाकिस्तान. एवढं आईबाबांना शिकवलं तरी अर्धं काम झालं. अर्धंच म्हणतो कारण +९१ चे नंबरही दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेऊन वापरतात.

व्हॉट्सॲप कॉलच का? कारण साधा कॉल मोबाईल कंपनीकडून शोधता येतो, शिवाय व्हॉट्सॲपवर डीपीला बँकेचा लोगो आणि गळ्यात आयकार्ड घातलेला फोटो लावता येतो.

दिल्ली पोलिसांच्या सायबर सेलने या केबीसी प्रकाराबद्दल जी सूचना काढली होती तिच्यात सगळा क्रम दिलाय आणि आजही तो तसाच चालतो. आधी प्रोसेसिंग फी, परत मिळणारी असं सांगून. ती भरली की जीएसटी. मग आणखी काहीतरी. मधेच सांगतात की तुमची रक्कम वाढून ४५ लाख झाली, मग ७५ लाख. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आणि प्रत्येक वेळी खातं वेगळं, कधी कुणा बाईच्या नावाचं, कधी एखाद्या दुकानाचं, बहुतेक भाड्याने घेतलेली खाती असतात ती. आठवडेच्या आठवडे चालतं हे. माणूस मूर्ख म्हणून भरत जातो असं नाही, आधीचे वीस हजार बुडू नयेत म्हणून पुढचे तीस भरतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच. आणि ‘कुणाला सांगू नका, नाहीतर नंबर रद्द होईल’ हे वाक्य असतंच असतं. कुठल्याही बक्षिसात गुपित ठेवायला सांगितलं की तिथेच फोन ठेवायचा.

इथे दोन-तीन खऱ्या गोष्टी माहीत असाव्यात, वाद घालायला कामी येतात.

लॉटरी आपल्या देशात वाटेल त्याला काढता येत नाही. १९९८ चा कायदा आहे, लॉटरी फक्त राज्य सरकारं चालवू शकतात. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे, तिला तिकीट लागतं, तिकिटावर नंबर असतो, तो नंबर लागतो. तुमचा मोबाईल नंबर हा लॉटरीचं तिकीट नाही. टीव्ही चॅनल किंवा सिमकार्ड कंपनी लॉटरी काढूच शकत नाही, मग लागणार कुठून.

टॅक्सचं म्हणाल तर लॉटरीच्या रकमेवर ३० टक्के टीडीएस असतो पण तो देणारा कापून घेतो आणि उरलेले देतो. पंचवीस लाख खरंच लागले असते तर साडेसात लाख कापून बाकीचे आले असते. तुम्ही आधी खिशातून भरायचे आणि मग पंचवीस मिळणार असं नसतं. एखादी गाडी वगैरे वस्तू लागली तर मात्र टॅक्स आधी भरावा लागू शकतो, म्हणून तिथे घोळ होतो, पण तो सुद्धा सरकारकडे टॅक्स म्हणून जमा होतो आणि चलन मिळतं, कुणा शर्माजींच्या यूपीआयवर जात नाही. आणि बक्षीस लागलं म्हणून जिंकणाऱ्याने जीएसटी भरायचा ही तर निव्वळ थाप.

परदेशी लॉटरी, डॉलर, पाउंड वाले मेसेज असतील तर आणखी सोपं, भारतातून परदेशी लॉटरीसाठी पैसे पाठवणं हेच फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने बंद आहे. आणि रिझर्व्ह बँकेत तुमच्या नावाने पैसे येऊन पडलेत असं कुणी म्हणालं तर हसा, रिझर्व्ह बँक साध्या माणसांची खाती ठेवतच नाही.

स्क्रॅच कार्ड, क्यूआर आणि पिन

हे थोडक्यात. पैसे घेताना यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. कॅशबॅक लागलाय, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाकून क्लेम करा म्हटलं की तो चोर. पूर्वी हे लोक कलेक्ट रिक्वेस्ट (म्हणजे यूपीआयवरून पैशाची मागणी) पाठवायचे, ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला तशी रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं, म्हणून आता सगळा भर क्यूआरवर आणि बनावट लिंकवर आलाय.

फाईल आली तर

हा नवा प्रकार मला सगळ्यात जास्त भीती घालतो. लिंकच्या ऐवजी फाईल येते, नाव काहीतरी ‘लकी ड्रॉ’, ‘रिवॉर्ड’, आणि शेवटी एपीके. हाच खेळ लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता या नावांनी पण चालतो, म्हणजे गावाकडच्या माणसाला नेमकं काय उघडावंसं वाटेल याचा पूर्ण अभ्यास करून. एपीके म्हणजे फोटोही नाही आणि पीडीएफही नाही, ते अख्खं ॲप आहे. उघडलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप इन्स्टॉल करायचं का, आपण घाईत हो म्हणतो, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण तीही देतो. बास. यानंतर तुमचे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातात, तुम्हाला कुणी फोन करून विचारणारही नाही. ‘मी ओटीपी कुणालाच दिला नाही’ असं शपथेवर सांगणाऱ्यांपैकी काहीजणांचं हेच झालेलं असतं. आणि फाईल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून उघडू नका, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असला तर त्याच्या नकळत ती सगळ्यांना जाते. साधा फोन लावून विचारा, काय पाठवलंस रे हे.

तसंच ‘माझ्या भाचीला स्पर्धेत व्होट कर, तुला सहा आकडी कोड आलाय तो पाठव’. तो कोड तुमच्या व्हॉट्सॲपची किल्ली आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सेटिंगमधे जाऊन आजच चालू करा, आणि लिंक्ड डिव्हाइसेसमधे आपल्या नसलेल्या कंप्युटरचं नाव दिसलं तर लगेच लॉग आउट करा.

मग खरं बक्षीस नसतंच का?

असतं की. कंपन्या खरंच स्पर्धा घेतात, पैठणी लागते, मिक्सर लागतो, कुपन मिळतं. पण खऱ्यात तुम्ही भाग घेतलेला असतो, नियम आणि तारखा कंपनीच्या स्वतःच्या साईटवर लिहिलेल्या असतात, आणि पैसे मागत नाहीत. खात्री करायची तर मेसेजमधल्या लिंकवरून नाही, स्वतः कंपनीचं ॲप किंवा साईट उघडून तिथे बघा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर सर्च करून फोन लावू नका, तिथेही खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. इन्स्टावर खऱ्या स्पर्धेत कमेंट केल्यावर दहा मिनिटांत ‘यू आर द विनर’ असा डीएम येतो, त्या अकाउंटच्या नावात एक जादा टिंब किंवा शेवटी ऑफिशियल असं चिकटवलेलं असतं. खरा निकाल मूळ पेजवर लागतो.

क्लिक झालंच असेल तर

नुसती लिंक उघडली आणि बंद केली, तर बहुतेक काही झालेलं नसतं, घाबरू नका. ब्राउझरच्या सेटिंगमधे जाऊन त्या साईटचं नोटिफिकेशन बंद करा, इतकंच. नाव-नंबर भरला असेल तर पुढचे काही महिने असे फोन जास्त येतील हे धरून चला. ज्यांना ज्यांना शेअर केलंय त्यांना लगेच सांगा, मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, लाजू नका.

एपीके इन्स्टॉल झालं असेल तर आधी इंटरनेट बंद, सरळ एअरप्लेन मोड. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्या, पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. ॲप काढून टाकायला गेलात आणि निघत नसेल तर सेटिंगमधे डिव्हाइस ॲडमिनमधून त्याची परवानगी काढा, तरी शंका वाटली तर फोन फॅक्टरी रिसेट.

पैसे गेले असतील तर आधी १९३०. हा सरकारचा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे. कारण गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवतात, ते एटीएममधून निघायच्या आत कळवलं तर मधल्या खात्यात अडवता येतात. आधी घरी चर्चा, मग उद्या बँकेत जाऊ, मग सोमवारी पोलीस स्टेशन असं केलं तर हातात काही राहत नाही. व्यवहाराचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), तारीख, वेळ, कुठल्या खात्यातून गेले हे जवळ ठेवूनच फोन करा. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार नंबर मागून घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे पिन-ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ कागदावर हवी. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर रीतसर तक्रार. रागाच्या भरात चॅट उडवू नका, तोच पुरावा आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच रिपोर्ट करून ब्लॉक करा.

पैसे गेले नाहीत पण नंबर पकडून द्यावासा वाटतोय तर संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, मार्च २०२४ पासून, तिथे स्क्रीनशॉट टाकता येतो.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना जरा सांभाळून. ‘एवढं पण कळत नाही का तुम्हाला’ असं ग्रुपवर चारचौघात म्हटलं की पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत, गुपचूप पैसे भरतील. बाजूला मेसेज करा, काका ती लिंक फेक आहे, डिलीट करता का. शिवाय त्यांच्या फोनमधे ‘मला ग्रुपमधे कोण ॲड करू शकतं’ हे सेटिंग ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवून द्या, निम्मे लॉटरीचे ग्रुप तिथेच बंद होतात.

आणि एकदा फसलेल्याला पुन्हा फोन येतो हे सांगायचं राहिलं. आता बोलणारा सायबर सेलचा अधिकारी असतो नाहीतर वकील, तुमचे गेलेले पैसे सापडलेत, फक्त कोर्ट फी भरा म्हणतो. त्याला तुमचं नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर माहीत असतं, म्हणून खरं वाटतं. बरोबर माहीत असणारच, पहिल्यांदा लुटलेल्यांची यादीही विकली जाते, किंवा कधी कधी लुटणारा तोच असतो.